पाच दिवसांची बंदी, पन्नास वर्षांचा परिणाम

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा जो भाव पुकारला जातो, तो ठरण्यात लातूरचा स्वतःचा हात फार थोडा असतो. १०० किलो सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. तेल माणसांच्या स्वयंपाकघरात जाते, तर पेंड कोंबड्या, डुकरे आणि मासे यांच्या खाद्यात. दाण्याची किंमत या दोन पदार्थांच्या किमतींतून उभी राहते, आणि हे दोन्ही पदार्थ जहाजांतून जगभर फिरत असल्यामुळे वॉशिंग्टन, बीजिंग किंवा जकार्ता येथे घेतलेला एखादा निर्णय मराठवाड्यातल्या खळ्यापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा पोहोचतो, हे समजून घ्यायचे तर सुरुवात १९७३ सालापासून करावी लागते.

त्याच्या आदल्या वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही या लहान माशांची पकड कोसळली. अतिरेकी मासेमारीला एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या घटनेची, जोड मिळाली होती. या माशांची भुकटी हे पशुखाद्यातील प्रथिनांचे मोठे साधन असल्याने जगाची मागणी सोयापेंडीकडे वळली, आणि त्याच सुमारास सोव्हिएत संघाने अमेरिकेतून धान्याची प्रचंड खरेदी केली. शिकागोच्या वायदा बाजारात, म्हणजे पुढच्या एखाद्या महिन्यात द्यावयाच्या मालाचा भाव आजच बांधून घेणाऱ्या बाजारात, बुशेलला (सुमारे २७ किलो) साडेतीन डॉलरच्या आसपास असलेले सोयाबीन वर्षभरात १२ डॉलरच्या पुढे गेले. देशातील महागाईने हैराण झालेल्या राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या सरकारने २७ जून १९७३ रोजी सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. संपूर्ण बंदी जेमतेम पाच दिवस टिकली. २ जुलैला तिची जागा परवाना पद्धतीने घेतली आणि शरद ऋतूपर्यंत ते निर्बंधही उठले.

जपान मात्र हे पाच दिवस विसरला नाही. तोफू, मिसो आणि सोया सॉस हे ज्या देशाचे रोजचे खाणे, त्याचे बहुतांश सोयाबीन अमेरिकेतून येत होते, आणि मित्र म्हणवणाऱ्या देशाने आधीच झालेल्या करारांचाही माल अडवला होता. एकाच विक्रेत्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे हे उमगल्यावर जपानने ब्राझीलकडे मोर्चा वळवला. ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा अफाट गवताळ प्रदेश आहे. तेथील माती आम्ल आणि ॲल्युमिनियमने भरलेली असल्याने ती शेतीला निरुपयोगी मानली जात असे. १९७३ मध्येच स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने या मातीत चुनखडी मिसळून तिची आम्लता कमी करण्याची आणि उष्ण प्रदेशात वाढणारे सोयाबीनचे वाण तयार करण्याची कामगिरी पार पाडली, आणि १९७९ पासून जपानच्या पैशाने व तांत्रिक साहाय्याने सेराडोत वसाहती उभ्या राहिल्या. ब्राझीलच्या यशाचे सगळे श्रेय जपानला देणे चुकीचे ठरेल. पण त्याला पहिला मोठा रेटा अमेरिकेच्याच निर्णयाने दिला, हे नाकारता येत नाही. आज ब्राझील वर्षाला १५ कोटी टनांहून अधिक सोयाबीन पिकवतो आणि उत्पादन व निर्यात या दोन्हींत अमेरिकेच्या पुढे आहे. यासाठी सेराडोतील निसर्गाने मोजलेली किंमतही फार मोठी आहे.

व्यापार अडला की ग्राहक दुसरीकडे वळतो, हा धडा अमेरिकेला २०१८ मध्ये पुन्हा शिकावा लागला. अमेरिकेने चिनी मालावर शुल्क लावल्याचे उत्तर म्हणून चीनने त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले. आदल्या वर्षी तीन कोटी टनांहून अधिक अमेरिकी सोयाबीन विकत घेणाऱ्या चीनची खरेदी वर्षभरात एक कोटी टनांच्या आत आली. शिकागोचे भाव पडले, तर ब्राझीलच्या बंदरांत त्याच दाण्याला शिकागोपेक्षा चढा भाव मिळू लागला. एकाच मालाला केवळ तो कुठल्या देशात पिकला एवढ्यावरून दोन भाव मिळावेत, हे राजकारण बाजारात शिरल्याचे सर्वांत स्पष्ट लक्षण होय. अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांना सावरण्यासाठी २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. गेलेला ग्राहक मात्र पूर्णपणे परतला नाही.

भारतात सोयाबीन प्रामुख्याने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र पिकवतात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होत असल्याने बंदरात उतरलेल्या परदेशी तेलाची शुल्कासह जी किंमत होते, तिच्यापेक्षा जास्त भाव देशी तेलाला मिळणे कठीण असते, आणि म्हणून तेल गिरणीही शेतकऱ्याला त्याच हिशेबाने भाव देते. शिकागो आणि लातूर यांना जोडणारी दोरी ती हीच. २०२१ मध्ये ही दोरी चांगलीच ताणली गेली. जागतिक तेजीत देशातील काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या पुढे गेले. कोंबडी उत्पादकांच्या ओरडीनंतर सरकारने ऑगस्टमध्ये जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करू दिली, आणि नवे पीक येईपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार थांबवले. ही बंदी पुढे वारंवार वाढवली गेल्याने पुढच्या काही महिन्यांत भाव कुठे जाईल याचा अंदाज देणारे देशी साधनच शेतकऱ्याच्या हातून गेले.

२०२२ चे वर्ष त्याहून वादळी ठरले. सूर्यफूल तेलाच्या जागतिक निर्यातीचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा युक्रेन आणि रशिया यांचा. २४ फेब्रुवारीला युद्ध पेटताच काळ्या समुद्रातील युक्रेनची बंदरे बंद पडली. खाद्यतेले एकमेकांची जागा घेतात, त्यामुळे एक महाग झाले की बाकीचीही महागतात. त्यातच जगातील निम्म्याहून अधिक पामतेल तयार करणाऱ्या इंडोनेशियाने स्वतःच्या ग्राहकांसाठी २८ एप्रिलपासून त्याची निर्यात थांबवली. तेलाचे साठे तुंबले, कच्ची फळे घ्यायला गिरण्या नाखूश झाल्या, ताडाच्या बागा राखणारे छोटे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि २३ मे रोजी बंदी उठली. भारताने त्याच आठवड्यात सोयाबीन व सूर्यफूल यांचे प्रत्येकी २० लाख टन कच्चे तेल दरवर्षी शुल्काविना आणण्याची दोन वर्षांची मुभा दिली. ग्राहकाला दिलासा देणे आवश्यकच होते. पण युद्धाचा पहिला धक्का ओसरून जगातील भाव कोसळल्यावरही आयातीचे दार उघडेच राहिले, आणि त्याची झळ सोयाबीन उत्पादकाला बसली.

महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरांवर हे पीक उभे असते. ऑक्टोबरात मळणी होऊन माल बाजारात आला की अडत्याच्या दुकानी मूठभर दाणे ओलावा मोजण्याच्या यंत्रात टाकले जातात. सरकारी खरेदीसाठी १२ टक्क्यांची मर्यादा. परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनचा काटा त्याच्या वर गेला की हमीभावाचा मार्ग बंद होतो आणि व्यापारी देईल त्या दराने माल घालावा लागतो. २०२१ चा भाव पुन्हा येईल या आशेने कित्येक घरांत पोत्यांची थप्पी दोन-दोन हंगाम लागून राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले, तेव्हा तेल महागले. परंतु इथेनॉल निर्मितीत मक्यापासून व तांदळापासून उरणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात आल्याने पेंडीचे भाव दबले आणि त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, ते शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले.

युद्धे आणि इतर देशांच्या बंद्या यांवर कोणत्याही देशाचा ताबा नसतो, स्वतःच्या शुल्काच्या वेळापत्रकावर मात्र तो असतो. भारतीय सोयाबीन उत्पादकाला जपानप्रमाणे दुसरा देश शोधता येत नाही. त्याला फार तर पुढच्या वर्षी तूर किंवा मका पेरता येतो, आणि त्याची निवड जूनमध्येच करावी लागते. हमीभाव जसा हंगामाच्या आधी जाहीर होतो, तसाच जागतिक भाव किती उतरल्यास तेलावर किती शुल्क लागेल आणि किती चढल्यास ते किती कमी होईल, याचा तक्ता केंद्र सरकारने पेरणीपूर्वी जाहीर करावा आणि निदान मळणी उरकेपर्यंत तो बदलू नये.