‘फॅसिस्ट’ शब्दाची झीज
बंगळूरचे राजाजीनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या राजाजींनी १९५२ मध्ये कम्युनिस्टांना पहिल्या क्रमांकाचे शत्रू ठरवले. १९६७ मध्ये मद्रासेत त्यांचा स्वतंत्र पक्ष मार्क्सवाद्यांसह द्रमुकच्या आघाडीत होता. राजकारणातले शिक्के असे पुसले जातात. ‘फॅसिस्ट’ या शिक्क्याची कथा अधिक गंभीर. याच शहरात २६ जून १९७५ रोजी वाजपेयी, अडवाणी, मधु दंडवते यांना अटक झाली. सत्ताधारी विरोधकांना फॅसिस्ट म्हणत होते आणि विरोधक सत्ताधाऱ्यांना. तुरुंग आणि सेन्सॉरशिप मात्र एकाच बाजूच्या हाती होती. आरोपाची कसोटी तीच: वृत्तपत्रे, न्यायालये, विरोधक यांचे सत्तेने काय केले? ही कसोटी न लावता शब्द उधळला, तर खऱ्या संकटात तो बोथट ठरतो.