फराळाच्या धंद्याचा हिशेब

घरगुती फराळाचा धंदा बहुधा ओळखीच्या चार घरांच्या ऑर्डरवर उभा राहतो. चव पक्की असते, म्हणूनच मागणी येते. धंदा अडतो तो भाव ठरवताना. चकलीच्या किलोला भाजणी, तेल, तीळ, गॅस यांचे पैसे धरले जातात. करणारीच्या हातांचे धरले जात नाहीत. शेजारच्या दुकानापेक्षा दहा रुपये कमी, एवढ्यावर भाव ठरतो आणि दिवाळीनंतर हाती थकवा तेवढा उरतो.

समजा, दोघींनी सहा तासांत आठ किलो चकली केली. हे कामाचे बारा तास झाले. तासाला 60 रुपये धरले तरी मजुरी 720 रुपये, म्हणजे किलोमागे 90 रुपये. त्यावर तुटलेला माल, पिशव्या, डबे, पोहोचवण्याचा खर्च आणि मग नफा. घरच्या बाईचे श्रम फुकट धरून काढलेला भाव स्वस्त नसतो, चुकीचा असतो. बरोबर भाव काढायला एक साधी वही पुरते: कोणत्या तारखेला काय आणले, कोणत्या भावाने, त्यात किती किलो माल झाला आणि किती तास लागले.

या बाबतीत लिज्जत पापडाचे उदाहरण आजही उपयोगी आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात गुजराती महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुढे जी पद्धत रुजली तिच्यात पीठ केंद्रावर मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. पीठ एके ठिकाणी तयार होत असल्याने चव बदलत नाही, आणि लाटण्याच्या कामाला, म्हणजे वणाईला, किलोवर दर आहे. घरात बसून केलेले काम तिथे हिशेबात धरलेले आहे.

चव दरवर्षी तीच राहावी, यासाठी वाटीऐवजी काटा वापरावा. भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ हे प्रमाण बऱ्याच घरांत चारास दोन, एक असे असते. पण ते वाटीचे की वजनाचे, हे लिहून ठेवलेले नसते. मोहन आणि पाणीही मोजून लिहावे. मोहन कमी पडले तर चकली कडक होते, जास्त झाले तर तेलात फुटते. मऊ पडणाऱ्या चकलीची तक्रार मात्र बहुतेक वेळा ओलाव्याची असते. आच मोठी ठेवली की वरून रंग लवकर येतो आणि आत पाणी राहते. चकलीभोवतीचे बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी निघून गेले असे समजावे. मग ती चाळणीवर पूर्ण गार होऊ द्यावी. कोमट चकली डब्यात भरली तर तिच्याच वाफेने पहिल्या दिवशीचा कुरकुरीतपणा जातो.

तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरणे हा खोट्या बचतीचा मार्ग आहे. तेल काळपट, चिकट झाले, फेस येऊ लागला, लवकर धुरकटले की टाकून द्यावे. तेल तापून बिघडताना त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे.

घरातून विकल्या जाणाऱ्या पदार्थांनाही 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. शिवाय पदार्थाचे नाव, वजनाने उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध यांची नोंद ठळक असणे ज्यांना त्यांचे वावडे आहे त्यांच्यासाठी फार महत्त्वाचे असते. अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास या चार ओळींवर बसतो.

परदेशी जाणाऱ्या पार्सलसाठी पदार्थ निवडून घ्यावेत. ओल्या नारळाची करंजी पाठवू नये, सुक्या खोबऱ्याच्या सारणाची टिकते. चकल्या ताठ डब्यात एकावर एक लावून, मधली पोकळी कागदाने भरून पाठवल्या तर कमी तुटतात. एक डबा आधी आपल्याच गावातल्या एखाद्या पत्त्यावर कुरिअरने पाठवून पाहावा. डबा उघडल्यावर जेवढ्या चकल्या तुटलेल्या निघतील, तेवढी भर पुढच्या ऑर्डरच्या भावात घालावी.