किडनीतले दोन व्हॉल्व्ह

मित्रांनो, "मेकॅनिकलचा पोरगा किडनीवर लिहितोय" म्हणून हसू नका! फ्लुइड मेकॅनिक्स आणि कंट्रोल सिस्टीम हे आपले दोन नावडते विषय एकत्र शिकायचे असतील, तर या मुठीएवढ्या अवयवासारखं उदाहरण नाही. शिवाय प्रकरण आपल्या खिशातल्या गोळीपर्यंत येतं.

आधी थोडे आकडे. हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं जवळजवळ एक लिटर एकट्या किडन्यांकडे जातं. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. या सगळ्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत घेतला जातो आणि लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर.

गाळायचं म्हणजे दाब हवा. इथेच खरी गंमत आहे. गुच्छात रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि बाहेर नेणारी दुसरी, अशा दोन्ही टोकांना स्नायूंचं वेटोळं असतं. म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह आणि आउटलेट व्हॉल्व्ह! पनवेलकरांना हे वेगळं समजवायला नको. उन्हाळ्यात देहरंग धरणाचं पाणी खाली गेलं की व्हॉल्व्ह कोणी किती फिरवला यावरून सोसायटीत काय महाभारत होतं, ते आपण बघतोच. इथेही तसंच. इनलेट सैल केला की गाळणीतला दाब वाढतो, आवळला की कमी होतो. आउटलेट थोडा आवळला तर रक्त तुंबून दाब टिकतो.

आणि फिरवावं लागतं तरी किती? पॉइजलीचं समीकरण आठवा. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून. त्रिज्या १० टक्के कमी झाली की ढोबळमानाने प्रवाह ३४ टक्के घटतो. म्हणूनच केसाहूनही बारीक धमनी किंचित आवळली तरी मोठा फरक पडतो.

मग हे व्हॉल्व्ह फिरवतं कोण? मेंदूकडून नसांमार्फत हुकूम येतात, पण रोजचा कारभार जागेवरच, रासायनिक निरोपांवर चालतो. गाळलेला द्रव ज्या नळीतून जातो, ती नळी वळसा घेऊन पुन्हा आपल्याच गाळणीच्या तोंडाशी येऊन टेकते. तिथल्या पेशी द्रवातलं मीठ मोजतात. हा झाला सेन्सर. मीठ जास्त आलं म्हणजे गाळण फार जोरात चाललंय. मग अ‍ॅडेनोसिन हा निरोप जातो आणि इनलेट आवळला जातो. मीठ कमी आलं तर उलट. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं इनलेट सैल करतात. शेजारच्या पेशी रेनिन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते मुख्यतः आउटलेट आवळतं. चक्क क्लोज्ड लूप फीडबॅक!

आता उन्हाळ्यातला कलावंतीणचा ट्रेक घ्या. घाम गेला, पाणी संपलं. रक्तदाब टिकवायला शरीर सगळीकडच्या धमन्या आवळतं. अशा वेळी किडनीचा इनलेट उघडा ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिनकडे असतं. आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी गुडघा दुखतोय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत. दुखणं थांबतं ते त्यामुळेच! जॉन वेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिन असंच काम करतं हे दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. तिकडे दुखणं थांबतं, इकडे इनलेट मिटायला लागतो.

तरण्या, धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. माझ्या आजोबांना मात्र झालं. त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होतं, ते अँजिओटेन्सिनचा निरोप अडवतं, म्हणजे आउटलेट सैल. सोबत लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे शरीरातलं पाणी कमी. यात काहीच चूक नव्हती, दोन्ही डॉक्टरांनी विचार करून दिलेल्या. पण आजोबांनी गुडघ्यासाठी स्वतःच्या मनाने तिसरी गोळी सुरू केली. इनलेट बंद, आउटलेट सैल, टाकीत पाणी कमी... दाब येणार कुठून? दोन आठवड्यांत क्रिएटिनिन चढलं. नशिबाने वेळेत रक्त तपासलं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी थांबवली आणि आकडा हळूहळू खाली आला.

डायक्लोफिनॅकचा किडनीवर घाला किती भयानक असू शकतो, हे गिधाडांनी जगाला दाखवलं. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००४ मध्ये हे कारण उघड झालं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पक्ष्यांची किडनी आपल्यापेक्षा वेगळी, त्यामुळे माणसाचं गणित तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. पण औषध तेच! आपल्याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला, महाडच्या 'सिस्केप' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडं जपली आहेत. जमलं तर जाऊन बघा.

तेव्हा मित्रांनो, दुखण्याची गोळी वाईट नाही. पण जुलाब-उलट्या चालू असताना, अंगातलं पाणी गेलेलं असताना किंवा घरातल्या बीपीवाल्या माणसाला ती देताना आधी डॉक्टरांना विचारा. केमिस्टच्या काउंटरवर दहा रुपयांत मिळते म्हणून ती साधी होत नाही. आतमध्ये वीस लाख गाळण्या निरोपाची वाट बघत असतात, त्यांची लाईन कापू नका!