केसलापूरचा नागोबा

पैनगंगा ओलांडून यवतमाळातून तेलंगणात उतरले की आदिलाबादचा मुलूख सुरू होतो. त्यातील इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूर या लहानशा खेड्याकडे पौष अमावास्येच्या सुमारास राजगोंडांतील मेस्राम कुळाच्या माणसांची जी रीघ लागते, तिच्यात चंद्रपूर-यवतमाळकडील भाऊबंदही असतात. कारण कुळाचे दैवत जो नागोबा, त्याचे ठाणे या गावी आहे.

जत्रेच्या अगोदर कुळातील मंडळी जन्नारमजवळील हस्तिनमडुगू येथील गोदावरीच्या डोहापर्यंत अनवाणी चालत जातात, आणि तेथून आणलेल्या जलाने अमावास्येच्या रात्री महापूजा होते. गोवाड नावाच्या वर्तुळाकार आवारात चुली केवळ २२ असतात. म्हणून शेकडो कुटुंबांना आपापली पाळी धरून रांधावे लागते, आणि गर्भश्रीमंत असो वा मोलमजूर, कोणालाही निराळी चूल मांडता येत नाही. याच वेळी कुळात नव्याने आलेल्या सुना शुभ्र वस्त्रे नेसून, मुखावर पदर ओढून नागोबाच्या भेटीस येतात. या ‘भेटिंग’ विधीनंतरच कुळाच्या देवकार्यात भाग घेण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होतो. कुळाची पुराणे किंगरीच्या साथीने गाणारे परधान भाट पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी बोलत आले आहेत, ही गोष्ट आपण विशेषत्वाने ध्यानी घ्यावी.

जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी निजामी अंमलाविरुद्ध उठलेला कुमरम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. त्या उठावाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे चौकशी सोपविली, तेव्हा हजारो गोंड जेथे आपण होऊन जमतात तेथेच अंमलदारांनी जाऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, या त्याच्या सूचनेतून जत्रेतला दरबार सुरू झाला. एरवी अर्जदाराने कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या हा सरकारी शिरस्ता. केसलापुरात मात्र कचेरीच रयतेच्या दाराशी येते, आणि तो परिपाठ आजतागायत चालू आहे.

नागोबाचे नवे दगडी मंदिर मेस्राम कुळाने आपसांत वर्गणी काढून उभारले आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना केली. खेड्याचा वारसा जतन करावयाचा म्हणजे प्रथम तो पाळणाऱ्या माणसांची जमीन, भाषा आणि सन्मान सुरक्षित राखावयाचा, हे ज्या शासनास व ज्या शेजाऱ्यास उमगले, त्यासच केसलापूरची थोरवी खऱ्या अर्थाने कळली असे म्हणता येईल.