उपवास, सर्ट-१ आणि दीर्घायुष्य

आहार परिमित ठेविल्यास आयुष्य वाढते, हे १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मॅके व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. परंतु जन्मभर अर्धपोटी राहणे मनुष्यास दुष्कर होय. तेव्हा मिताहाराचे फल देणारे एखादे प्रथिनच शरीरात वाढविता येईल काय, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

१९९९ साली ग्वारेन्टी यांच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या पेशीत सर-२ या जनुकाची एक प्रत अधिक घातली असता त्या पेशींचे आयुष्य वाढले. सस्तन प्राण्यांतील त्याचे समकक्ष प्रथिन म्हणजे सर्ट-१. हे विकर एन.ए.डी.च्या साहाय्याने इतर प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढून टाकते. उपवासकाळी यकृतात मेदाचे ज्वलन व ग्लुकोजची निर्मिती यांस त्यामुळे चालना मिळते. मात्र सर्ट-१ अधिक असलेले उंदीर निरोगी राहिले, तरी त्यांचे आयुष्य वाढले नाही, असे २०१० साली आढळून आले.

असे का व्हावे? या प्रश्नावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाने केलेले व २०२० साली प्रसिद्ध झालेले संशोधन उद्बोधक आहे. अन्न मिळताच सर्ट-१ वर ग्लुकोजपासून बनलेला एक शर्करागट जडतो. त्यामुळे त्याचे इतर प्रथिनांशी असलेले संबंध बदलतात. हा गट टिकून राहिल्यास सर्ट-१ केंद्रकाबाहेर पडून नष्ट होते. ज्यावर हा गट जडूच शकत नाही असे सर्ट-१ उंदरांच्या यकृतात निर्माण केले असता, रक्तशर्करा वाढली, इन्शुलिनचा प्रभाव मंदावला व यकृतास दाह झाला. उलटपक्षी, वार्धक्यात व मेदयुक्त आहाराने आलेल्या स्थूलतेत हा शर्करागट प्रमाणाबाहेर जडलेला आढळतो.

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाची उपयुक्तता त्याचे दरवाजे वेळेवर उघडण्यात व वेळेवर मिटण्यात आहे. ते सदैव उघडे ठेविल्यास जलाशय रिता होईल. सर्ट-१ चेही तसेच आहे. मिताहाराचे अनुकरण करू पाहणाऱ्या औषधाने हे प्रथिन किती वाढविले एवढेच पाहून भागणार नाही. भोजनानंतर ते पुन्हा शांत होते किंवा नाही, हेही तपासले पाहिजे.