मागील नोंद कोठे गेली?

ब्राह्मणपुरीतील आमच्या एका आप्ताचा वारस नोंदीचा ऑनलाइन अर्ज गेल्या पावसाळ्यात ‘त्रुटी’ एवढाच शेरा घेऊन परत आला, आणि ती त्रुटी कोणती हे ना पडद्यावर उमटले, ना त्याने खेटे घातलेल्या कचेरीतील कोणा कारकुनास सांगता आले. तेव्हापासून गावच्या दप्तराचा मागोवा घ्यावा, असे माझ्या मनाने घेतले आहे.

१९६६ चा जमीन महसूल अधिनियम आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून विभक्त झालेला नंदुरबार जिल्हा या घटना राजकारणात कितीही मोठ्या असोत, आमच्या शहादे तालुक्यातील खातेदाराच्या दृष्टीने त्यांनी कागदाचा मथळा आणि शिक्का बदलला, इतकेच. त्याचा खरा विश्वास होता तो गाव नमुना सहावर, म्हणजे फेरफाराच्या वहीवर. अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेला भूमापन क्रमांक आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा असे तिचे चार रकाने. वादाची नोंद सहा-अ मध्ये, वारसाची सहा-क मध्ये. सातबारावरील जुने नाव कधी खरवडले जात नसे. ते कंसात जाई, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येई, आणि त्या क्रमांकाचे बोट धरून नातू आजोबांच्या खरेदीखतापर्यंत मागे जाऊ शके. संगणकवाले ज्या प्रणालींना आवृत्ती-नियंत्रण म्हणतात त्या याहून निराळे काय करतात? मोडी-बाळबोध कित्त्यावर वाढलेल्या तलाठ्यास ही विद्या कोणत्याही पुस्तिकेवाचून, वडीलधाऱ्या तलाठ्याच्या शेजारी बसून येत असे.

मग संगणकाचे दशक आले. २०१० च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातील टेंभलीत देशातील पहिले आधार वाटले गेले, आणि त्यामागोमाग लॅपटॉप, डोंगल व ई-फेरफार यांची वरात चावडीत शिरली. सोबत ज्या मार्गदर्शिका आल्या, त्यांतील जेवढ्या मी चाळल्या तेवढ्या सर्व एकाच वळणाच्या : पडद्याचे चित्र, चित्रात तांबडा बाण, बाणाखाली ‘येथे क्लिक करा’. नोंद भरल्यापासून नोटिशीचे पंधरा दिवस सरून मंडळ अधिकारी ती प्रमाणित करीपर्यंत ती कोठे असते, तेवढ्यात हरकत आली तर तिचे काय होते, आणि चुकीची नोंद मागे घेता येते काय, याविषयी मात्र अक्षर नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात संगणकीकृत सातबाराचे चावडी वाचन झाले तेव्हा आमच्याकडील म्हाताऱ्यांनी तलाठ्यास बटणाविषयी एकही प्रश्न विचारला नाही; “भाऊसाहेब, माझी मागची नोंद कोठे गेली?” एवढेच ते पुनःपुन्हा विचारीत होते. आणि पुस्तिकेचे पान उलटीत बसलेल्या त्या बिचाऱ्या भाऊसाहेबांना ते उत्तर तेथे सापडण्यासारखे नव्हतेच.

हा दोष एकट्या सरकारी मुद्रणालयाचा असता तर मी गप्प बसलो असतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी निर्माण केलेले ‘गिट’ आज जगभरातील संगणक-कारागिरांची फेरफार वही झाले आहे. परंतु नोंद पक्की होण्यापूर्वी ती जेथे थांबते त्या एकाच जागेस त्याच्या दस्तऐवजांत तीन निरनिराळी नावे चालत आली, आणि ‘चेकआउट’ ही एकच आज्ञा शाखा बदलण्यासही वापरावी लागे व फाइलीतील न नोंदविलेले काम पुसण्यासही. या दोन कामांसाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा स्वतंत्र आज्ञा निघावयास २०१९ चा ऑगस्ट उजाडला. चौदा वर्षे नवशिका जिला भीत होता ती गोष्ट जाणत्यास दिसलीच नाही, कारण मार्गदर्शिका लिहितो तो जाणताच, आणि जाणत्यास आपले अज्ञान आठवत नाही.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला, पुढे तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. दर खेपेस जुन्या पुस्तिकेतील चित्रे शिळी झाली आणि नवी चित्रे छापली गेली, प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिले. माझी मागणी माफक आहे. पहिल्या पानावर एखाद्या गटाची एक नोंद खरेदीखतापासून प्रमाणीकरणापर्यंत चालवून दाखवा, कंसात गेलेले नाव पुन्हा कसे वाचावे ते सांगा, आणि लेखनप्रमाद झाल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावयाचा असतो हे तेथेच लिहा. बाणांची चित्रे मागाहून छापली तरी चालतील.