लपणारे दिवे, दिसणारे दिवे

लष्करी ट्रेलर म्हटला की काय आठवतं? हिरवा रंग, जाड पत्रा आणि कधीही न मोडणारा सांगाडा! मी बाळकुमचा. शेजारीच कोलशेतला हवाई दलाचं केंद्र असल्यामुळे लष्करी गाड्यांचं आम्हाला अप्रूप नाही. पण अशा ट्रेलरचे दिवे जवळून पाहिले ते मांडववाल्या काकांमुळे. लिलावात निघालेला एक छोटा ट्रेलर त्यांनी बांबू-कनाती वाहायला घेतला आणि म्हणाले, "अरे इंजिनियर, दोन वायरी जोडून दे की जीपला!"

काम दोन वायरींचं नव्हतं. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हेतूच उलटा. आपला दिवा दिसावा म्हणून असतो, लष्करी दिवा शत्रूला दिसू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे नेहमीचा टेल आणि ब्रेकचा दिवा फक्त डावीकडे असे. उजवीकडे होते ते नुसते ब्लॅकआउट दिवे. इंडिकेटर तर नव्हतेच. ब्लॅकआउट दिव्याची युक्ती मात्र झकास! दोन्ही बाजूंच्या दिव्यांना बारीक खिडक्यांच्या जोड्या असतात. मागच्या चालकाला चार ठिपके दिसले तर तो फार जवळ आलाय, दोन दिसले तर अंतर बरोबर, एकच दिसला तर मागे पडलाय. ताफ्यातल्या जवानाला हे शिकवलेलं असतं. रात्री बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे निघालेल्या टेम्पोवाल्याला कोण शिकवणार? त्याला मागे दोन ठसठशीत लाल दिवे, ब्रेक आणि पिवळे इंडिकेटरच हवेत.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. महायुद्धातल्या जीपची यंत्रणा ६ व्होल्टची होती. नंतरच्या लष्करी वाहनांत २४ व्होल्ट रूढ झाले. काकांची जीप १२ व्होल्टची आणि ट्रेलरचे बल्ब २४ चे. ६ चा बल्ब १२ वर लगेच उडेल हे उघड आहे. पण २४ चा १२ वर लावला तर? आपण वर्गात पटकन सांगतो, व्होल्टेज निम्मं म्हणजे पॉवर पाव. प्रत्यक्षात फिलामेंट कमी तापते, तिचा रेझिस्टन्सही उतरतो, म्हणून पॉवर पावापेक्षा थोडी जास्तच राहते. उजेड मात्र व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे घटतो, म्हणजे उरतो जेमतेम दहावा हिस्सा! दिवा 'लागलेला' असतो, पण मागच्याला दिसत नाही. आणि हेच जास्त धोक्याचं, कारण बंद दिवा निदान आपल्या लक्षात तरी येतो.

बरं, बल्ब बदलले की संपलं? नाही. २१ वॅटचे दोन ब्रेक दिवे २४ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतात, १२ वर साडेतीन. जाण्यायेण्याची मिळून १२ मीटर वायर धरा, १ चौरस मिलिमीटर जाडीची. रेझिस्टन्स सुमारे ०.२१ ओहम, म्हणजे पाऊण व्होल्ट वायरीतच गेला. २४ व्होल्टला हा घाटा दीड टक्का होता, १२ ला सहा टक्के झाला आणि उजेड पाचव्या हिश्शाने कमी. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली की घाटा अडीच टक्क्यांच्या आत येतो.

तिसरी गोष्ट अर्थची, आणि सगळ्यात जास्त फसवणारी हीच. पुष्कळ जण अर्थ हुकावर सोडतात. हुकाला ग्रीस, गंज, धूळ. अर्थ सुटला की करंट दुसरा रस्ता शोधतो. डाव्या इंडिकेटरमधून निघालेला करंट ट्रेलरच्या ब्रेकच्या बल्बमधून उलटा जीपकडे येतो आणि जीपच्या ब्रेक दिव्यांतून अर्थला मिळतो. मग इंडिकेटर दिला की नको ते दिवे मंद मिचकतात. मागच्याने काय समजायचं? म्हणून अर्थची स्वतंत्र जाड वायर प्लगमधूनच न्यायची.

आम्ही केलं ते थोडक्यात असं. ब्लॅकआउटच्या वायरी सोडवून टोकं बंद केली. दोन्ही बाजूंना १२ व्होल्टचे टेल-ब्रेक दिवे, पिवळे इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर बसवले. लष्करी प्लग काढून नागरी सात पिनांचा लावला. १२ व्होल्टच्या प्रमाण जोडणीत पिन १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक आणि ७ डावा टेल. जुन्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवला नाही, प्रत्येक वायर मीटरने तपासली. ट्रेलरच्या दिव्यांना रिले आणि वेगळा फ्यूज दिला, म्हणजे जीपच्या स्विचवर आणि फ्लॅशरवर जादा भार नको. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकायला हवा. घड्याळ लावून मोजला.

आणखी एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे आरटीओत नोंदणी हवीच. लिलावाची पावती म्हणजे आरसी बुक नव्हे!

तुमच्या गावी असा ट्रेलर दिसला तर एक सोपी परीक्षा करा. अंधारात ५० पावलं मागे जा आणि मित्राला टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर एकेक करून आणि मग एकत्र लावायला सांगा. तो काय करतोय हे तिथून न विचारता ओळखता आलं, तरच वायरिंग पास.